तांबड्या पेशीवरचे संस्कार



ज्याने बोंबील फक्त सुका पाहिला आहे त्याला ओला बोंबील शब्दांनी समजावणे कठीण, हे पालघर किनाऱ्यावरच्या दांडी गावात वेगळे सांगायला नको. डोल जाळ्यातून निघालेला ताजा बोंबील हातात धरवत नाही इतका मऊ आणि पाणीदार असतो. तोच जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगला की काही दिवसांच्या उन्हावाऱ्यात त्याची काठी होते. सुक्या बोंबलावरून पुष्कळ गोष्टी खऱ्या कळतात. जात कळते, डोके-शेपूट कळते, मधला काटा तर ओल्यापेक्षा स्पष्ट दिसतो. पण त्यावरून कोणी लिहिले की हा मासा मुळातच सुरकुतलेला आणि टणक असतो, तर इथले पोरही हसेल. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या आवरणाबद्दल गेल्या शंभर वर्षांत जे लिहिले गेले, त्यातला मोठा भाग सुक्यावरून ओले ओळखण्याच्या उद्योगाचा आहे. तो कुठे फसला, कुठे फळला, आणि फसता फसताच कुठे फळला, यावर आज बोलायचे आहे.

प्रतिपादन आधीच सांगून टाकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जाण्यापूर्वी पेशीवर जे संस्कार होतात, त्यांचा उल्लेख आपण ‘कृती’ म्हणून छोट्या अक्षरांत करतो आणि चित्र मोठे छापतो. हा क्रम उलटा आहे. संस्कार हाच खरा प्रयोग असतो आणि चित्र हा त्याचा निकाल. तारापूरच्या एमआयडीसीत क्यूसी विभागात काम करणारे इथे बरेच जण असतील. सॅम्पल कुठून काढले, कसे काढले, किती वेळ ठेवले, हे विचारल्याशिवाय बॅचचा आकडा खरा मानायचा नाही, हे त्यांना रोजचे आहे. हाच चौकसपणा पेशीच्या छायाचित्राबाबतही हवा, इतकेच माझे म्हणणे. वरवर साधे वाटते. पण त्यातून निघणाऱ्या गोष्टी साध्या नाहीत.

आधी अडचण काय ते पाहू. तांबडी पेशी साधारण 8 मायक्रॉन रुंद, कडेला दोनेक मायक्रॉन जाड, मध्ये दोन्ही बाजूंनी चेपलेली. तिचे आवरण काही नॅनोमीटरचे. एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर हे लक्षात घेतले की जाडीचा अंदाज येईल. हे आवरण प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, म्हणून इलेक्ट्रॉन हवेत. इलेक्ट्रॉनांना हवा चालत नाही, त्यांच्या वाटेवर निर्वात पोकळी लागते. निर्वातात पाणी टिकत नाही. आणि पेशी म्हणजे मुख्यतः पाणी. शिवाय आरपार पाहायचे तर इलेक्ट्रॉनांना फार जाड वस्तू भेदता येत नाही, म्हणून 80-90 नॅनोमीटरचे काप काढावे लागतात. एका पेशीचे शंभरेक काप होतील. जिवंत, ओली, लवचीक, जाड पेशी या यंत्रात जशीच्या तशी ठेवणे शक्यच नसते. तिला आधी मारावी लागते, कडक करावी लागते, सुकवावी लागते, रंगवावी किंवा सोन्याने मढवावी लागते.

या पायऱ्यांवर जरा रेंगाळू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. रक्त नळीत घेताना ते गोठू नये म्हणून ईडीटीए असते. नळी अर्धीच भरली तर ईडीटीएचे प्रमाण जास्त होते आणि पेशी आकसतात. मग प्लाझ्मा काढून टाकण्यासाठी पेशी सलाइनने धुतात; धुताना अल्ब्युमिन हे प्रथिनही निघून जाते. अशा धुतलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर ठेवल्या की थोड्याच वेळात त्यांच्यावर काटे उगवतात. काचेमुळे त्या पातळ थरातला पीएच वाढतो. अल्ब्युमिनचा थेंब परत घातला की बहुतेक काटे मावळतात. पुढची पायरी ग्लुटाराल्डिहाइड. 1963 पासून वापरात आलेले हे रसायन प्रथिनांना एकमेकांशी जखडते. पण ते ज्या बफरमध्ये घातले त्याची क्षारता कमी पडली तर पेशी जखडली जाण्याआधीच फुगते, जास्त झाली तर सुरकुतते. ग्लुटाराल्डिहाइड मेदाला धरत नाही. त्यासाठी ऑस्मियम टेट्रॉक्साइड लागते, आणि तेही प्रामुख्याने असंतृप्त मेदालाच धरते. तांबड्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर, फॉस्फोलिपिडाच्या जवळपास बरोबरीने. त्याला या दोघांपैकी कोणीच नीट बांधून ठेवत नाही. मग पाणी काढण्यासाठी अल्कोहोल 30, 50, 70, 90, 100 टक्के असे चढत्या क्रमाने देतात. अल्कोहोल मेद विरघळवते, म्हणजे ज्याचे चित्र काढायचे त्याचाच काही भाग चित्र काढण्याच्या तयारीत धुऊन जातो. पृष्ठभाग पाहायचा असेल तर शेवटी सुकवणे. नुसते हवेत सुकवले तर पाण्याचा पृष्ठताण मागे सरकताना पेशीला चेपून चपटी करतो. म्हणून द्रव कार्बन डाय-ऑक्साइड घालून तापमान 31 अंशांच्या आणि दाब 73 वातावरणांच्या वर नेतात. तिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही, आणि सीमा नाही म्हणजे ओढणारा ताणही नाही. युक्ती सुंदर आहे. तरीही पेशी आक्रसतेच, पूर्वीच्या पायऱ्यांनी तिचे जे व्हायचे ते झालेलेच असते.

हा एवढा छळ सोसूनही पेशीबद्दल खरे काही कळते का? इथे एक जुनी कथा सांगितली पाहिजे, आणि ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्याही आधीची आहे. 1925 साली हॉलंडमधल्या लायडन इथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला मेद अॅसिटोनने काढला, पाण्यावर एक रेणू जाडीचा थर होईल असा पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरले. निष्कर्ष असा की आवरणात मेदाचे दोन पदर आहेत. आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा प्रयोग असतो. पुढे तपासणीत दिसले की त्यात दोन चुका होत्या. अॅसिटोनने सगळा मेद निघत नाही, म्हणजे अंश कमी भरला. आणि पेशीचे क्षेत्रफळ त्यांनी वाळलेल्या पेशींवरून काढले होते. वाळलेली पेशी आक्रसलेली, म्हणून छेदही कमी भरला. माणसाच्या पेशीचे क्षेत्रफळ त्यांना 100 चौरस मायक्रॉनच्या आसपास मिळाले, आज ते 140 च्या घरात मानतात. दोन्ही चुका नमुन्याच्या तयारीतल्या, आणि दोघींनी एकमेकींना खाऊन टाकले. उत्तर बरोबर आले. हे उदाहरण मला अस्वस्थ करणारे वाटते, कारण त्यातून सोयीचा धडा निघत नाही. वाईट तयारीतून वाईट निष्कर्षच निघतो असे नाही. उत्तर बरोबर आले म्हणून तयारी बरोबर होती, असेही म्हणता येत नाही.

दोन पदर प्रत्यक्ष दिसायला 1950चे दशक उजाडावे लागले. रॉबर्टसन यांच्या चित्रांत आवरण दोन काळ्या रेघा आणि मधली फिकी पट्टी असे दिसले, आणि प्रत्येक पेशीत तेच दिसले. त्यांनी मांडले की सर्व जीवसृष्टीत एकाच घडणीचे आवरण आहे. पण काळी रेघ म्हणजे आवरण नव्हे. धातूचा रंग जिथे बसला ती जागा. त्यासाठी बहुधा वापरलेले परमँगनेट प्रथिनांची बरीच नासधूस करते. सगळ्या घरांना एकाच पोतेऱ्याने चुना फासला तर सगळी घरे सारखीच दिसणार. आवरणाला आरपार छेदणारी प्रथिने या पद्धतीला दिसणे अवघडच होते.

ती दिसली ती अगदी वेगळ्या संस्काराने. पेशी झटकन गोठवायची, निर्वातात पात्याने फोडायची, फुटलेल्या पृष्ठावर तिरकस कोनातून प्लॅटिनमचा फवारा मारायचा, वर कार्बनचा पातळ थर द्यायचा, आणि मग खालचे सगळे जैविक द्रव्य आम्लाने जाळून टाकायचे. सूक्ष्मदर्शकात जाते ती पेशी नव्हे, तिचा ठसा. चिंचणी-वाणगाव पट्ट्यात दागिन्यांच्या डाया कोरणाऱ्या कारागिरांना हे लगेच कळेल: डाय पाहून दागिना ओळखायचा, आणि उंचवटा कुठला, खोलगट कुठले, हे उलटे वाचायचे. फुटीच्या पृष्ठावर आठेक नॅनोमीटरचे दाणे दिसले. पण हे पृष्ठ कुठले? मूर आणि म्युलेथालर म्हणत, आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग. ब्रँटन यांनी 1966 साली म्हटले की नाही, आवरण मधोमध उसवले आहे, दोन पदरांच्या फटीतून. वाद चित्राकडे अधिक निरखून पाहून मिटला नसता. तो मिटला दुसऱ्या संस्काराने: 1970 साली पिंटो द सिल्वा आणि ब्रँटन यांनी पेशींच्या दोन्ही पृष्ठभागांना फेरिटिन या लोहयुक्त प्रथिनाचे कण आधीच चिकटवले आणि मग त्या गोठवून फोडल्या. फुटीच्या पृष्ठावर फेरिटिन नव्हते. भोवतालचे बर्फ थोडे उडवून खरा पृष्ठभाग उघडा केला तेव्हाच ते दिसले.

त्याच दाण्यांची पुढची हकिगत माझ्या मुद्द्याच्या गाभ्याशी आहे. तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन काढून टाकले की रिकामी खोळ उरते. प्रयोगशाळेत तिला ‘घोस्ट’, म्हणजे भूत म्हणतात. अशा खोळा गोठवण्यापूर्वी बफर आम्लधर्मी, पीएच साडेपाचच्या आसपास, ठेवला तर दाणे विखुरलेले न राहता एकत्र गोळा होतात. पीएच परत वाढवला की पुन्हा पांगतात. सावध माणूस म्हणाला असता, पाहा, बफर जरा बदलला की चित्र बदलते, याच्यावर कसला विश्वास? पण पिंटो द सिल्वा यांनी 1972 साली प्रश्न उलटा विचारला: दाणे सरकू शकतात, याचा अर्थ आवरण द्रवासारखे आहे. नंतर आढळले की आतल्या बाजूचे स्पेक्ट्रिन या प्रथिनाचे जाळे बहुतांश काढून टाकले तर दाणे अधिक सहज गोळा होतात, म्हणजे त्यांना कोणीतरी बांधून ठेवले होते. एका संस्काराने घडवलेली विकृती दोन सत्यांची साक्षीदार झाली. विकृती मोजून, मुद्दाम, कमी-जास्त करून घडवली की ती प्रयोगाचे हत्यार होते. नकळत घडली आणि नोंदली नाही, तर तोच घोटाळा.

पेशीच्या आकाराबाबतही हेच घडले. सुकवलेल्या, सोन्याने मढवलेल्या पेशींची मार्सेल बेसी यांची छायाचित्रे 1970च्या दशकात जगभर गेली आणि काटेरी पेशीला एकायनोसाइट, वाटीसारखीला स्टोमॅटोसाइट ही नावे रूढ झाली. काटेरी पेशी रोगाची खूण असू शकते. ती काचेची, धुण्याची किंवा रक्तपिशवीत साठवण्याचीही खूण असते. साठवलेल्या रक्तात एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जाद्रव्य, घटत जाते तसे काटे वाढतात. आवरण एवढे हळवे का, याचे उत्तर शीट्झ आणि सिंगर यांनी 1974 साली सुचवले: दोन पदरांपैकी बाहेरचा आतल्यापेक्षा जरासा पसरला की काटे येतात, आतला पसरला की वाटी होते. दोन पदरांच्या क्षेत्रफळात टक्काभर फरकही पुरतो. टक्काभर! वरच्या यादीतल्या कुठल्या पायरीबद्दल छातीठोक सांगता येईल की ती टक्काभरही ढळवत नाही?

स्पेक्ट्रिनच्या जाळ्याचे नाव निघाले आहे, तर एक हिशेब मांडू. पाठ्यपुस्तकात त्याचे चित्र मासेमारीच्या जाळ्यासारखे असते, सुबक षट्कोनी, प्रत्येक धागा सुमारे 200 नॅनोमीटरचा. ही चित्रे 1980च्या दशकातली: कमी क्षारांच्या पाण्यात जाळे सैल करून, जाळीवर ताणून पसरून, मग रंगवून काढलेली. आता कुठलेही चित्र न पाहता मोजू. एका पेशीत स्पेक्ट्रिनचे धागे साधारण एक लाख. असल्या जाळ्यात प्रत्येक गाठीमागे तीन धागे येतात, म्हणजे गाठी सुमारे 33 हजार. 140 चौरस मायक्रॉन पृष्ठभाग त्यांच्यात वाटला तर दोन गाठींतले अंतर 70 नॅनोमीटरच्या आसपास येते. 200 नव्हे. पाण्यात जाळे कसे असते आणि काठावर ताणून वाळत घातल्यावर कसे दिसते, हे इथे कोणाला शिकवायचे? उंदराच्या पेशींच्या खोळा रंग न देता, झटकन गोठवून 2011 साली पाहिल्या गेल्या तेव्हा अंतर आणखी कमी, 50च्या जवळ आले, आणि षट्कोन तितकेसे रेखीव राहिले नाहीत. तरी ताणलेले चित्र निरुपयोगी ठरत नाही. कुठला धागा कुठल्या गाठीला बांधला आहे, हे त्या ताणण्यामुळेच कळले. अंतरासाठी ते चित्र खोटे, जोडणीसाठी खरे.

इथे पहिला आक्षेप येतो. प्रत्येक चित्र संस्कारांनी घडलेले असेल, तर मग कशावरच विश्वास नको. आवरणाचे दोन पदर हादेखील औषधांचा खेळ असू शकेल. हा आक्षेप पोकळ नाही. जीवाणूंत ‘मेसोसोम’ नावाचा अवयव अनेक वर्षे पुस्तकांत होता. त्याची कार्येही ठरवली गेली होती. झटकन गोठवलेल्या जीवाणूंत तो सापडेना, तेव्हा लक्षात आले की रासायनिक स्थिरीकरणानेच आवरणाला त्या घड्या पडत होत्या. मग मेसोसोम गेला आणि दोन पदर का टिकले? कारण मेसोसोमचे सगळे साक्षीदार एकाच गावचे होते, एकाच प्रकारच्या संस्कारातून आलेले. दोन पदरांच्या बाजूने पाण्यावर पसरलेला मेद बोलतो, ऑस्मियमच्या रेघा बोलतात, मधोमध उसवणारी फूट बोलते, क्ष-किरण बोलतात. या प्रत्येकाच्या खोडी वेगळ्या आहेत. अॅसिटोनची चूक बर्फाला माहीत नाही, बर्फाची चूक ऑस्मियमला माहीत नाही. एकमेकांशी ओळख नसलेले साक्षीदार तेच सांगू लागले की न्यायाधीश ऐकतो.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा असतो: हे सगळे जुने झाले. दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना 2017 साली नोबेल मिळाले ते पाण्याचे स्फटिक होऊ न देता काचेसारखे गोठवून पाहण्याच्या तंत्रासाठीच. आता ना ऑस्मियम, ना अल्कोहोल. क्रांती मोठीच आहे. पण तांबडी पेशी हिमोग्लोबिनने ठासून भरलेली आणि इलेक्ट्रॉनांसाठी फार जाड. म्हणून पुन्हा खोळच पाहावी लागते, आणि खोळ करायची तर पेशी सौम्य पाण्यात फोडावीच लागते. संस्कार कमी झाले, संपले नाहीत. आणि हे महागडे यंत्र सर्वत्र नसते. मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोरोना विषाणूचे जे छायाचित्र प्रसिद्ध केले ते जुन्या, भोवती जड धातूचा रंग सुकवण्याच्याच पद्धतीने काढलेले होते, आणि विषाणू ओळखायला ते पुरेसे होते. प्रश्न ओळखीचा होता, मोजमापाचा नव्हता.

काही गोष्टी तर या यंत्राला नुसत्या दिसायच्याच नाहीत. परळच्या केईएममध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली जो ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला, त्यात पेशीच्या पृष्ठभागावर एच नावाची साखरेची जोडणीच नसते. कितीही उत्तम सुकवा, कितीही मोठे करून पाहा, ती पेशी शेजारच्या पेशीसारखीच दिसेल. फरक उघड झाला तो नळीतल्या रक्तद्रवाने. तोही संस्कारच, वेगळ्या जातीचा.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे: या सगळ्याचा पालघर जिल्ह्याशी संबंध काय? संबंध सिकलसेलचा. वारली, कातकरी, कोकणा या समाजांत हा आजार आहे. देशपातळीवर 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर कोणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नेत नाही आणि नेऊही नये. तिथे रक्ताच्या थेंबात डायथायोनाइटचे द्रावण घालतात. ते गढूळ झाले तर पुढची पक्की तपासणी. पण हिमोग्लोबिन फार कमी असेल तर गढूळपणा येत नाही, आणि नवजात बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिनच जास्त असल्याने तिथे ही चाचणी फसते. नळीतला गढूळपणा हाही पेशीवर केलेल्या संस्काराचा निकाल आहे, आणि ‘निगेटिव्ह’ या शब्दाआधी तयारी काय होती हे विचारावेच लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली तर सिकलसेलने भल्याभल्यांची परीक्षा पाहिली आहे. या आजारात प्राणवायू कमी झाला की बदललेले हिमोग्लोबिन सुमारे 21 नॅनोमीटर जाडीच्या दोरखंडांत जुळते आणि पेशीला विळ्याचा आकार देते. नमुना हवेत उघडा राहिला की दोर विरघळतात. आणि नेहमीच्या चांगल्या सवयीने नमुना बर्फात ठेवून स्थिर केला तरीही विरघळतात, कारण हे दोर उबेत जुळतात, थंडीत सुटतात. एरवी पेशी जपणारी काळजी इथे पुरावा पुसते. म्हणून प्राणवायू काढलेले ग्लुटाराल्डिहाइड, कोमट, नायट्रोजनखाली.

काही पेशी मात्र प्राणवायू परत मिळाला तरी विळाच राहतात. दोर तर सुटलेले. मग आकार कोण धरून ठेवतो? ल्यूक्स आणि सहकाऱ्यांनी 1976 साली हे शोधले ते पेशी जपून नव्हे, थराथराने उद्ध्वस्त करून. आधी पेशी फोडून हिमोग्लोबिन काढून टाकले. खोळ विळ्याच्या आकाराची. मग ट्रायटन या डिटर्जंटने मेदाचे पदरही धुऊन काढले. उरले ते फक्त स्पेक्ट्रिनचे जाळे. तेही विळ्याच्याच आकाराचे. प्राणवायू मिळताच पूर्ववत होणाऱ्या पेशींच्या खोळा मात्र गोल निघाल्या.